मी येतो, मी येते आणि मी येईन

एक छोटासा खेळ खेळूया? मोबाइलमध्ये एक मिनिटाचा टायमर लावा आणि स्वतःबद्दल बोला. सकाळी काय केलं, ऑफिसला कसं पोचायला झालं, आता कुठे निघायचंय वगैरे. अट एकच. ऐकणाऱ्याला तुम्ही मुलगा आहात की मुलगी, हे कळता कामा नये. आवाज बदलायची गरज नाही, हवं तर टाइप करून मित्राला पाठवा.

इंग्लिशमध्ये हे मिनिट आरामात जातं. 'आय वोक अप', 'आय वेन्ट', 'आय ॲम टायर्ड'... काही पत्ताच लागत नाही. आणि मराठीत? 'मी सकाळी सहाला उठ...' संपलं! उठलो की उठले? पहिल्याच बॉलवर विकेट.

आता विचार करा, हा खेळ कुणाला रोज खेळावा लागत असेल तर? एक मिनिट नाही, दिवसभर. शिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, शेअर रिक्षात, आईच्या फोनवर.

हल्ली मोठ्या कंपन्यांच्या मेलमध्ये नावाखाली एक बारीक ओळ दिसते. 'शी, हर' किंवा 'ही, हिम' किंवा 'दे, देम'. माझ्याबद्दल बोलताना हे शब्द वापरा, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईच्या हेड ऑफिसातून अशी सही असलेला मेल तारापूर एमआयडीसीतल्या प्लान्टवर येऊन पडला, की साधारण दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, 'हे काय नवीन फॅड?' आणि दोन, 'असू दे ना, आपल्याला काय करायचंय?'

पहिल्या प्रतिक्रियेकडे नंतर येऊ. दुसरीचं उत्तर मात्र आत्ताच देते. आपल्यालाच तर करायचंय, बॉस! इंग्लिशमध्ये हा प्रश्न येतो तो बहुतेक एखाद्याच्या पाठीमागे बोलताना. समोरासमोर 'यू' आणि स्वतःला 'आय', विषय संपला. आपल्याकडे 'तू येतोस की येतेस' हे समोर बसलेल्या माणसालाच विचारायचं असतं, आणि 'मी येतो की येते' हे त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने रोज शंभर वेळा जाहीर करायचं असतं.

व्याकरणातल्या पळवाटा

शाळेतलं व्याकरण आठवा. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. तो, ती, ते. मार्क मिळवले आणि विसरून गेलो. पण ज्याला किंवा जिला आपली ओळख लगेच सगळ्यांसमोर मांडायची नाही, त्या माणसाला हेच व्याकरण रोज नव्याने सोडवावं लागतं. आणि गंमत म्हणजे मराठीत पळवाटा भरपूर आहेत.

'मी दमलो' किंवा 'मी दमले' नको असेल तर 'मला दमायला झालं'. 'मी निघतो' किंवा 'मी निघते' नको, तर 'मला निघायचंय'. 'मी रिपोर्ट पाठवला' हे चालतं, कारण तिथे क्रियापद रिपोर्टच्या मागे जातं, पाठवणाऱ्याच्या नाही. 'मी चहा घेतला' चालेल, पण 'मी चहा प्यायलो' म्हटलं की पकडले गेलात! 'मला आवडतं', 'माझं झालं', 'मी घरी आहे' हे सगळं सेफ. 'मी घरी होतो' मात्र नाही.

आणि सगळ्यात भारी पळवाट म्हणजे भविष्यकाळ. मी येईन. तू येशील. तो येईल, ती येईल. मुलगा म्हणा, मुलगी म्हणा किंवा आणखी काही, क्रियापद तेच. मराठीच्या वर्तमानकाळात आणि भूतकाळात ठिकठिकाणी लिंग चिकटलेलं आहे, साध्या भविष्यकाळात ते अजिबात नाही.

ऐकायला हे मजेशीर वाटतं. पण समजा, बोईसरच्या एखाद्या लॅबमध्ये काम करणारी व्यक्ती आहे. कागदावर मुलाचं नाव, आत स्वतःला मुलगी म्हणून ओळखणारी. किंवा उलट. घरी अजून सांगितलेलं नाही, ऑफिसात सांगायची हिंमत नाही. 'मी आलो' म्हणायला जीभ वळत नाही आणि 'मी आले' म्हटलं की सगळी मान वळवून बघणार. मग ही व्यक्ती दिवसभर 'मला', 'माझं' आणि 'येईन' यांच्या आडोशाने बोलते. प्रत्येक वाक्य आधी मनात तपासायचं, मग तोंडातून काढायचं. आपण दोन शिफ्ट एकदम केल्या तर दमतो. इथे एक शिफ्ट पगाराची आणि दुसरी व्याकरणाची, आणि दुसरीला सुट्टी नाही.

एका रेल्वेलाइनवरच्या तीन भाषा

आपला पालघर जिल्हा या बाबतीत भन्नाट जागा आहे. बोईसर स्टेशनवर संध्याकाळी पाच मिनिटं नुसतं उभं राहा. मराठी आहे, गुजराती आहे, एमआयडीसीमुळे उत्तर प्रदेश-बिहारची हिंदी आहे, शिवाय गावागावांतल्या बोली वेगळ्याच. आणि लिंगाच्या बाबतीत यातल्या तिन्ही मोठ्या भाषांचे नियम निरनिराळे!

मराठीत सर्वनामही वेगळं (तो, ती) आणि क्रियापदही वेगळं (येतो, येते). हिंदीत सर्वनाम एकच, 'वह' किंवा 'वो', फक्त क्रियापदात 'आता है' आणि 'आती है' असा फरक. त्यातही पूर्वेकडच्या बायका सर्रास 'हम जा रहे हैं' म्हणतात, म्हणजे तिथे 'मी'च्या बाबतीत तोही फरक गळून पडतो. आणि गुजराती? डहाणू रोडच्या पुढे घोलवड गेलं, बोर्डी रोड गेलं, उंबरगाव रोड आलं की 'हुं जाउं छुं'. मुलगा म्हणो की मुलगी, वर्तमानकाळात वाक्य तेच. 'ते जाय छे' हेही दोघांना सारखंच. भूतकाळात 'गयो' आणि 'गई' येतं, पण निम्मं टेन्शन तर गेलं ना!

म्हणजे ज्या माणसाला बोईसरमध्ये मराठी बोलताना अडखळायला होतं, तोच माणूस पुढच्या काही स्टेशनांवर गुजराती बोलताना मोकळा श्वास घेऊ शकतो. माणूस बदलला नाही, भाषेचा नियम बदलला.

हे खेळ जगभर चालू आहेत. इंग्लिशवाल्यांनी एका व्यक्तीसाठीही 'दे' वापरायचं ठरवलं आणि मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने २०१९ मध्ये 'दे' हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. स्वीडनमध्ये 'हेन' हे सर्वनाम २०१५ मध्ये तिथल्या अकादमीच्या शब्दकोशात गेलं. आपल्याकडे काशीच्या हिजडा समाजाच्या बोलण्याचा अभ्यास १९९० च्या दशकात किरा हॉल या अमेरिकन भाषातज्ज्ञ बाईंनी केला. त्यांना दिसलं, की ही मंडळी पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी क्रियापदं प्रसंग बघून वापरतात. जवळीक दाखवायची तर एक, दरारा दाखवायचा तर दुसरं. ज्या व्याकरणात ते अडकले असं आपल्याला वाटतं, तेच व्याकरण त्यांनी हत्यार म्हणून वापरलं.

मग 'ते' म्हणूया का?

हा प्रश्न हमखास येतो. इंग्लिशचं 'दे' म्हणजे मराठीचं 'ते', झालं काम! पण थांबा. एकवचनी 'ते' आपण कुणाला लावतो? ते मूल, ते पोरगं, ते कार्टं. म्हणजे लहान पोराला, नाहीतर रागाने. कोकणी आणि मालवणीत लहान किंवा तरुण मुलीलाही नपुंसकलिंग लागतं, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. पण आपल्या प्रमाण मराठीत मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हटलं तर वस्तू झाल्यासारखं वाटतं. ज्यांना आयुष्यभर 'हे काय आहे?' अशा नजरा झेलाव्या लागल्या, त्यांना आणखी एक नपुंसकलिंग कशाला?

आदरार्थी बहुवचन जास्त उपयोगी. त्यातही 'ते आले' आणि 'त्या आल्या' असा फरक आहेच. पण 'त्यांना सांगा', 'त्यांनी केलं', 'त्यांचं टेबल' हे सगळं दोघांना सारखं. आणि समोरासमोर 'तुम्ही' हा तर रामबाण. 'तुम्ही कधी आलात?' यात कुठे आहे लिंग? अहो-जाहो करण्याचा हा फायदा आपल्याला शाळेत कुणी सांगितलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक ट्रान्सजेंडर व्यक्तीला मधला शब्द हवा असतो, असं मुळीच नाही. कित्येक जणींना सरळ 'ती' हवं असतं, कित्येकांना सरळ 'तो'. मधली वाट हवी असणारेही आहेत. कुणाला काय हवं, हे चेहऱ्यावरून कळत नाही. विचारावं लागतं. बस्स.

एक काना गेला

हा विषय फक्त सहीखालच्या बारीक ओळीचा नाही, हे समजून घ्यायला महाराष्ट्रातलीच उदाहरणं पुरेत.

बीड जिल्ह्यातल्या पोलीस कॉन्स्टेबल ललिता साळवे हे नाव आठवतंय? २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी सुट्टी मागितली, तेव्हा प्रश्न आला नोकरीचा. भरती महिला कॉन्स्टेबल म्हणून झालेली, मग पुरुष झाल्यावर काय? प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी सरकारने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली. ललिता साळवे आता ललित साळवे. लिहिताना फक्त एक काना गेला. पण 'त्या ड्यूटीवर आल्या'चं 'ते ड्यूटीवर आले' व्हायला अर्ज, कोर्ट आणि मंत्रालय, सगळं लागलं.

दुसरं उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकचं. अंजली पाटील या ट्रान्सजेंडर उमेदवाराने ग्रामपंचायत निवडणुकीत महिलांसाठीच्या जागेवर अर्ज भरला आणि तो बाद झाला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं, की त्यांनी स्वतःची ओळख स्त्री अशी सांगितली आहे, ती मानून अर्ज स्वीकारा. पुढे त्या निवडूनही आल्या! अधिकाऱ्याला जे 'ती' म्हणणं जमलं नाही, ते गावातल्या मतदारांना जमलं.

या निकालाच्या मागे सुप्रीम कोर्टाचा १५ एप्रिल २०१४ चा 'नाल्सा' निकाल होता. स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क कोर्टाने त्यात मान्य केला. त्या खटल्यात आपलं म्हणणं मांडणाऱ्यांत ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी होत्या. त्यांच्या आत्मकथनाचं नाव आहे 'मी हिजडा, मी लक्ष्मी'. नीट बघा, या नावात क्रियापदच नाही. दोन वेळा 'मी' आहे आणि दोन्ही वेळा आपल्या शब्दांत.

कोळगावचा कागद आणि कंपनीचं गेट

नाल्सा निकाल लागला तेव्हा पालघर हा जिल्हाच नव्हता. साडेतीन महिन्यांनी, १ ऑगस्ट २०१४ ला, ठाणे जिल्ह्यातून आठ तालुके वेगळे काढून तो झाला. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' असा पर्याय आला, तेव्हा देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात सुमारे ४१ हजार माणसं त्यात मोजली गेली होती. आपल्या भागातली त्यातली माणसं ठाण्याच्या हिशेबात गेली.

मग १० जानेवारी २०२० पासून ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा लागू झाला. त्याच वर्षीच्या नियमांत ओळखपत्राचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं. म्हणजे आपल्यासाठी पालघर-बोईसर रस्त्यावरचं कोळगाव. बोईसरहून शेअर रिक्षाने जाता येतं, मोखाड्याहून मात्र अख्खा दिवस जातो. अर्जासाठी ऑनलाइन पोर्टलही नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालं. पॅन कार्डाच्या फॉर्ममध्ये तिसरा पर्याय २०१८ मध्येच आला होता.

कागद मिळाला, छान झालं. पण सोमवारी सकाळी काय? कंपनीच्या गेटवर वॉचमन 'मॅडम' म्हणणार की 'भाऊ'? गेटपासवर जुनं नाव, चेहरा नवा. चेंजिंग रूम कोणती? लोकलचा डबा कोणता? बायकांच्या डब्यात 'तू इथे कसा?' आणि जनरलमध्ये नको ते धक्के. यातला प्रत्येक प्रश्न एका क्रियापदाने सुरू होतो. 'कुठे चाललास?' हे वाक्य कुणाला तरी गेटवरच परत पाठवू शकतं. त्याच जागी 'या, कुठे जायचंय?' म्हटलं तर काम तेच होतं आणि कुणाचा पाणउतारा होत नाही.

नोकरीत भेदभाव करायचा नाही आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रारींसाठी अधिकारी नेमायचा, असं २०१९ च्या कायद्यात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात किती ठिकाणी झालं? ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्षिका जेन कौशिक यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने या अंमलबजावणीच्या ढिलाईवरून सरकारांना सुनावलं आणि त्यांना भरपाईही द्यायला लावली. ट्रान्सजेंडर असल्यामुळे त्यांची शाळेतली नोकरी गेली होती. म्हणजे शब्दापासून सुरू होणारी गोष्ट पगारापर्यंत पोचते. हा खरा मुद्दा.

फॅड? अहो, आपण यात चॅम्पियन आहोत!

आता त्या पहिल्या प्रतिक्रियेकडे. 'हे परदेशी फॅड आहे, एवढं कोण लक्षात ठेवणार?'

लक्षात ठेवण्याबद्दल आपण मराठी माणसांनी तक्रार करावी? आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. पंचवीस वर्षं जी मंगल होती, ती एका दुपारी माधुरी झाली. आणि आठवड्याभरात सासू, सासरे, दीर, नणंदा, शेजारी, दूधवाला, सगळे माधुरी म्हणायला लागले! कुणी म्हटलं का, 'मला सवय नाही, मी मंगलच म्हणणार'? कालपर्यंत जिला 'अगं' म्हणत होता ती मोठ्या भावाची बायको झाली की लगेच 'वहिनी, तुम्ही'. टीममधला मन्या प्रमोट झाला की सोमवारी 'सर'. नाव आणि सर्वनाम बदलणं आपल्या हाडात मुरलेलं आहे. फरक एवढाच, की आजवर ते घरातल्या मोठ्यांनी ठरवलं. आता एखादी व्यक्ती स्वतःचं स्वतः ठरवते आहे, आणि तेवढंच आपल्याला जड जातंय.

आणि 'मुलीने येतो म्हणायचं म्हणजे काहीतरीच' असं वाटत असेल, तर एकदा कोल्हापूरला जाऊन या. तिथल्या मुली बिनधास्त 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, आणि पंचगंगेचं पाणी काही उलटं वाहत नाही! बालगंधर्वांचं तर काय सांगायचं? 'मानापमान'मधली भामिनी आणि 'एकच प्याला'मधली सिंधू म्हणून त्यांनी स्टेजवर स्त्रीलिंगी क्रियापदंच बोलली आणि अख्ख्या महाराष्ट्राने कौतुक केलं. बायकांनी त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची फॅशन उचलली. ती भूमिका होती, ओळख नव्हे, हे मान्य. पण तिकीट काढून जे ऐकायला आवडतं, तेच शेजारच्या टेबलवरून फुकट ऐकू आलं की कपाळाला आठी का?

सोमवारपासून एवढंच करा

• नवीन सहकाऱ्याबद्दल खात्री नसेल तर बाजूला, हळू आवाजात विचारा, 'तुम्हाला काय म्हणू?' सगळ्या टीमसमोर नको.

• उत्तर मिळेपर्यंत 'तुम्ही', 'त्यांना' आणि नाव. काम भागतं.

• चुकून 'आलास'च्या जागी 'आलीस' गेलं? 'सॉरी, आलास' म्हणा आणि पुढे चला. दहा मिनिटं माफी मागत बसू नका, समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

• ऑपरेशन झालं का, जुनं नाव काय, हे प्रश्न विचारायचे नाहीत. तुमचं अपेंडिक्स कधी काढलं, हे कुणी लंचला विचारतं का?

• तुम्हाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बोईसर छोटं आहे, बातमी लोकलच्या आधी घरी पोचते. घरी काय होईल, हे तुम्हाला माहीत नसतं.

• एचआरमध्ये असाल तर फॉर्मवरचं 'श्री./सौ./कु.' आधी काढा. नाव पुरेसं आहे. गेटपास आणि मस्टरवर बोलावण्याचं नाव लिहायला एक रकाना ठेवा, त्याला फार बजेट लागत नाही.

• ओळखपत्रासाठी अर्ज करणाऱ्या मैत्रिणीबरोबर किंवा मित्राबरोबर कोळगावला जा. कायदे आणि नियम बदलत असतात, तेव्हा त्या दिवशीचे नियम आधी नीट वाचून घ्या.

आणि घरी, जेवताना टीव्हीवर हा विषय निघाला आणि कुणीतरी फिस्सकन हसलं, तर तुम्ही हसू नका. त्याच टेबलवर बसून कुणीतरी गेली दोन वर्षं 'मला वाढ', 'माझं झालं' एवढंच बोलत असेल आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल.

चला, या वेळी एवढंच. पुढच्या आठवड्यात भेटू. भेटतो की भेटते, हा प्रश्न या 'भेटू'मध्ये येतच नाही, सगळे आत मावतात!